आमेन म्हटलं आणि पक्ष निघाला

आदरणीय काका,

प्रभूच्या नावात सलाम, आणि काकूंना माझा व तुमच्या सूनबाईचा सलाम वेगळा. (गेल्या पत्रात एकाच सलामात दोघांना बसवलं म्हणून काकूंनी फोनवर आईकडे तक्रार केली होती. या वेळी प्रत्येकाचा स्वतंत्र आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता का, की अजून खालच्या खोलीतच मुक्काम आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईसुद्धा बरी आहे, असं आई म्हणते. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण डॉक्टरांच्या म्हणण्याला आईने आजवर कधी फारसं महत्त्व दिलेलं नाही. तिचं जेवण कमी झालंय आणि बोलणं वाढलंय. संध्याकाळी खिडकीशी बसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांत कोण जाड झालं, कोण वाळलं, यावर लक्ष ठेवते. मी तिला स्वतःच्या हाताने नवी कवळी करून दिली. ती तिने कपाटात काचेमागे ठेवली आहे. पाहुणे आले की मुलाने केली म्हणून काढून दाखवते आणि पुन्हा आत ठेवते. तोंडात म्हणून घालत नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, मी एका राजकीय पक्षाचा अध्यक्ष झालो आहे. तुम्ही आता हसत असणार आणि काकू काय झालं म्हणून आतून विचारत असणार. दोघांनी आधी हसून घ्या, मी थांबतो. ज्या माणसाला भाजीवाल्याकडून सुटे पैसे परत मागायची लाज वाटते, तो पक्ष कसा चालवणार, हे तुमच्या सूनबाईने विचारून झालेलं आहे. त्यामुळे तुम्ही तो प्रश्न पत्रातून पुन्हा विचारू नये, ही नम्र विनंती.

मूळ भानगड आपल्या दफनभूमीची आहे. ती आता पूर्ण भरली. नगरपालिकेने फाटकावर बंदची पाटी लावली आणि हायवेपलीकडचा एक तुकडा आपल्याला नेमून दिला. तो तुकडा इतका सखल आहे की पाऊस लागला की त्याचं तळं होतं. तिथे माणसाला पुरायचं की सोडायचं, असा प्रश्न पडावा. जुन्या दफनभूमीच्या मागे नगरपालिकेचीच जागा मोकळी आहे. तिच्यात मोडक्या कचरागाड्या आराम करत पडलेल्या असतात. त्यातली एक पट्टी आम्हाला द्या, भिंत आम्ही बांधून घेतो, असे अर्ज आपण देत आलो आणि नगरपालिका ते घेत आली. याच्यापुढे काही झालं नाही. आईची एकच इच्छा आहे, बाबांच्या आसपास कुठेतरी जागा मिळावी. मला जिवंतपणी हायवे ओलांडता येत नाही, मेल्यावर कशी ओलांडणार, असं ती म्हणते आणि स्वतःच हसते. मला हसायला येत नाही, काका. मी उठून पाणी प्यायला जातो.

आता पक्षाबद्दल. ही कल्पना माझ्या कवळ्या करायच्या खोलीत जन्माला आली, एवढा दोष माझ्याकडे येतो. आपले रिटायर झालेले हेडमास्तर कवळीच्या मापाला आले होते. रिटायर झालेला कंडक्टरही (तोच, ज्याच्या आवाजाने चर्चमधली कबुतरं उडतात) आपली कवळी घासून घ्यायला येऊन बसला होता. हेडमास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले की आपल्या लोकांनी आता स्वतःचा पक्ष काढला पाहिजे. नेमका त्याच वेळी माझा मापाचा गुलाबी लगदा घट्ट व्हायला लागला होता. तो एकदा कालवला की कोणासाठी थांबत नाही, म्हणून मी साचा त्यांच्या तोंडात बसवला आणि बोलू नका म्हणून सांगितलं. कंडक्टरला आयुष्यात प्रथमच असा हेडमास्तर मिळाला की ज्याला उत्तर देता येत नव्हतं. त्याने त्या संधीचं सोनं केलं. आपण मूठभर माणसं, तो म्हणाला, वेगळी गाडी काढाल पण तिच्यात बसायला प्रवासी कुठून आणाल? आहे त्या गाडीत चढायचं, आत सरकायचं आणि उतरायचं असेल तिथे घंटी मारायची. हेडमास्तरांचे डोळे लाल झाले. त्यांनी हातवारे केले. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि साच्यासकट ते काहीतरी बोलले. माप बिघडलं. दुसऱ्यांदा घेतलं, तेही बिघडलं. मग कंडक्टरला बाहेरच्या बाकावर बसवून काम उरकलं, पण कवळी तयार झाल्यावर ती डाव्या बाजूला जरा उचललेली निघाली. तेवढा त्यांचा मुद्दा तिच्यात राहून गेला.

तोंड मोकळं झाल्यावर हेडमास्तरांनी जे सांगितलं, तेही काही चूक नव्हतं. निवडणूक आली किंवा नाताळ आला की सगळ्या पक्षांची माणसं आपल्याकडे येतात, केक खातात, लहान मुलांचे गाल ओढतात आणि जाताना म्हणतात, तुमचा समाज फार शांत. काका, ही स्तुती मी लहानपणापासून ऐकतोय आणि प्रत्येक वेळी खूश होऊन त्यांना केकचा आणखी एक तुकडा देतोय. हेडमास्तर म्हणाले, शांत म्हणतात ते झोपलेल्या बाळाला. त्याला उठवू नये म्हणून सगळे चवड्यांवर चालतात, पण त्याला विचारून घरात कोणी काही करत नाही. मला तर दोघांचंही पटलं. ही माझी जुनी खोड आहे, समोरचा जो शेवटी बोलतो त्याचं मला पटतं. माझ्या धंद्यातून बघितलं तर एकटा दात कितीही सुरेख बसवा, खालीवर रांग असल्याशिवाय त्याला घास चावता येत नाही. पण हेही खरं की दुखायला लागल्याशिवाय दाताकडे कोणी बघत नाही.

मग उपासनेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सभा ठरली. मोठ्या चर्चची मंडळी आली आणि छोट्या चर्चचीही आली. (छोटं चर्च म्हणजे ज्यांच्याकडे बाप्तिस्म्याला अख्खा माणूस पाण्यात बुडवतात. आपण नुसतं कपाळावर शिंपडतो, यावरून ते आपल्याला अजून कोरडे म्हणतात.) त्यांच्या बाजूने हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या मेट्रनबाई होत्या. त्यांनी उभं राहून नुसतं हॉलकडे बघितलं तरी माणसं ताप मोजायला तोंड उघडतात. बाई पक्षाच्या बाजूने, कंडक्टर विरोधात, हेडमास्तर कवळी सावरत मध्ये. चहा संपला, बिस्किटं संपली, तरी वाद संपेना. शेवटी हातघाईवर यायच्या आत पाळकसाहेब उठले आणि म्हणाले की निर्णय पुढच्या खेपेला घेऊ, आता प्रार्थना करून घरी जाऊ. आणि सभेत एक शब्दही न बोललेला माणूस म्हणून त्यांनी प्रार्थनेला मला उभं केलं.

माझी प्रार्थना तुम्हाला माहीत आहे. बाबांची पोस्टकार्डावर मावेल एवढी असायची, माझी फाटे फुटत लांबत जाते. मी आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्यांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी मागितलं. शेवटी म्हणालो, हे प्रभू, आमचा पक्ष निघावा अशी तुझी इच्छा असेल तर तो निघो. आणि इथे मी श्वास घेतला. पुढे मी म्हणणार होतो की, तुझी इच्छा नसेल तर हा विचार आमच्या मनातून काढून टाक. पण आपल्या लोकांना काय सवय आहे, तुम्ही जाणताच. डोळे मिटलेले, चहा संपलेला, घरी जेवण वाट बघतंय, अशा वेळी प्रार्थना करणारा जिथे थांबेल तिथे आमेन पडतो. सगळा हॉल एका आवाजात आमेन म्हणाला. कंडक्टरचा आमेन तर सर्वांच्या वर होता. माझं वाक्य अर्धं घशात राहिलं. एकदा आमेन झाल्यावर प्रार्थनेचं दार पुन्हा कोणी उघडायचं?

हेडमास्तर ताबडतोब उभे राहिले आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. मांडणारा मी, अनुमोदन सर्व मंडळीचं. कंडक्टर ओरडून सांगत होता की त्याचा आमेन प्रार्थनेला होता, पक्षाला नव्हता. पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी बराच वेळ डोकं खाजवून सांगितलं की आमेन परत घेता येत असल्याचं त्यांच्या वाचनात नाही. अशा रीतीने पक्ष निघाला. ज्याने मागितला त्यानेच चालवावा म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे आलं. तुमच्या सूनबाईचं म्हणणं एवढंच आहे की प्रार्थनेच्या मध्ये थांबू नका, हे ती मला लग्न झाल्यापासून सांगते आहे.

पक्ष निघाला की त्याला निशाणी लागते. क्रूस धर्माचा, तो चालत नाही. मासा घ्यावा असं मेट्रनबाईंनी सुचवलं, तर कंडक्टर म्हणाला की लोक भाव विचारायला येतील. (तो विरोधात होता, पण त्याच्याइतका मोठा आवाज दुसऱ्या कोणाकडे नसल्याने त्याला सरचिटणीस करावं लागलं.) मेंढरू हेडमास्तरांना आवडलं होतं, पण मेंढराला मत द्या असं मोठ्याने म्हणून बघितल्यावर त्यांनीच ते मागे घेतलं. अखेर चर्चमधला बाक ठरला. साधा, लाकडी, सगळ्यांना बसता येईल असा. इथवर एकी होती. मग बाकावर आधी कोण बसणार, यावरून मोठं चर्च आणि छोटं चर्च एकमेकांपुढे उभी राहिली. आपली माणसं म्हणाली की बुडवणाऱ्यांच्या हाती आम्ही पक्ष देणार नाही. त्यांची माणसं म्हणाली की नुसतं शिंपडून आजवर काही उगवलेलं नाही. आता दोन गट आहेत. अध्यक्ष दोघांचाही मीच आहे, कारण माझ्यापासून कोणालाच काही धोका वाटत नाही.

जाहीर सभा घेतली, तिची गंमत तर वेगळीच झाली. आपल्या लोकांनी चर्चमध्ये कधी पुढचा बाक भरलेला नाही. जो तो मागून जागा धरतो. सभेतही तेच झालं. मागे दाटी आणि व्यासपीठासमोर खुर्च्यांच्या ओळी मोकळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या मोकळ्या खुर्च्यांचा फोटो आला. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आहे, म्हणून घरोघरी प्रचाराला कंडक्टर आणि मी जोडीने निघालो, तर पाळकसाहेबांनी निघतानाच बजावलं की कोणाची निंदा करायची नाही आणि खोटं बोलायचं नाही. आता या दोन अटींवर प्रचार कसा करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. पहिल्याच घरात एका आजोबांनी विचारलं की सध्याचा नगरसेवक कसा आहे. मी सांगितलं की रस्त्यावरचे दिवे त्यानेच लावले, आणि आई घसरून पडली तेव्हा स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. कंडक्टरने सांगितलं की आपल्या मुलीच्या लग्नात नगरसेवक शेवटपर्यंत थांबला होता. आजोबा म्हणाले की मग आम्ही त्यालाच मत देतो. आम्ही दोघांनी त्यांना शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या घरी गेलो.

हे सगळं मी हसत हसत लिहितोय, पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. गेल्या आठवड्यात आमचं शिष्टमंडळ जागेसाठी नगरपालिकेत गेलं. साहेबांची खोली मोठी, टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो. समोर खुर्च्या होत्या, पण सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. हेडमास्तर बोलायला गेले आणि त्यांच्या कवळीची डावी बाजू सुटली, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मेट्रनबाई माझ्याकडे बघायला लागल्या, कंडक्टरने मला मागून ढकललं, आणि मी एकटाच त्या टेबलापुढे येऊन उभा राहिलो. साहेब माणूस चांगला होता. त्याने अर्ज वाचला आणि अगदी नीट विचारलं, तातडीची गरज आहे का, तुमच्यात सध्या कोणी फार आजारी वगैरे?

काका, माझ्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. खिडकीशी बसलेली, कोण जाड झालं ते बघणारी. गरज तातडीची आहे असं म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? माझी आई लवकर जाणार आहे, तिच्यासाठी लवकर खड्डा द्या? माझ्या तोंडून निघालं, "तशी काही घाई नाही, साहेब." साहेबांना बरं वाटलं. त्यांनी लाल पेनने अर्जावर घाई नाही असं लिहिलं आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी सारला. मग म्हणाले की तुमचा समाज खरोखर फार शांत आहे. आम्ही आभार मानले. मेट्रनबाईंनी त्यांच्यासाठी छोटीशी प्रार्थनाही केली, आणि शेवटी साहेबही आमेन म्हणाले.

मी खोटं बोललो नव्हतो. मला घाई नकोच आहे. तिने अजून पुष्कळ वर्षं खिडकीत बसावं आणि कवळी कपाटातच ठेवावी. पण जायची वेळ येईल तेव्हा तिला बाबांजवळ जाता यावं, त्यासाठी सोय आत्ताच हवी, एवढंच मला म्हणायचं होतं. हे वाक्य मला आत्ता पत्र लिहिताना सुचलं. त्या खोलीत ते सापडलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. घरी आल्यावर आईने विचारलं की काय झालं, तर मी म्हणालो, बोललो मी साहेबांशी. ती बरं म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

तेव्हा आपल्या लोकांचा पक्ष असावा की नसावा, यावर अध्यक्षाचं मत असं आहे की नसावा. प्रत्येकाने आपापला बाक घेऊन वेगळं बसायचं ठरवलं तर कोणाचं कोणाला ऐकू जाणार नाही. आणि आमच्या पक्षाला बोलता येत नाही, ही अडचण वेगळीच. बोलता आलं असतं तर कदाचित पक्षाची गरजच पडली नसती. पण हेडमास्तर या वयात रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पक्षाच्या कामाला येतात, त्यांच्या तोंडावर मी हे म्हणू शकत नाही. तुम्ही तरी दोन शब्द लिहून त्यांना समजावा, तुमचं ते ऐकतात.

काकूंच्या तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावा, आणि आमची आठवण रोजच्या प्रार्थनेत असू द्या. त्या प्रार्थनेत मध्येच थांबू मात्र नका.

तुमचा नाइलाजाने अध्यक्ष झालेला पुतण्या

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. आजोबांनी दफनभूमीत भिंतीलगत एक ओळ आपल्या घरासाठी राखून घेतली होती. आजी, आजोबा, बाबा आणि शेवटची तुमची. मुलांची सोय त्यांनी बघितली, सुनांची त्यांच्या लक्षात आली नाही. जुन्या दफनभूमीत आता फक्त अशा आधी राखलेल्या जागाच वापरता येतात, आणि बाबांच्या शेजारची जागा तुमची आहे. तुम्ही तिकडे इतकी वर्षं आहात, घरदार तिकडे, मुलं तिकडे. तर तुम्ही ती जागा आईच्या नावे करून द्याल का? मागतानाच मला लाज वाटते. काकाकडे आजवर कोणी घर मागितलं असेल, शेत मागितलं असेल, कबर मागणारा मीच पहिला. रागावला असाल तर पत्र फाडा, पण उत्तर लिहा. खरं सांगायचं तर एवढंच विचारायला बसलो होतो. पक्षाचं बाकी सगळं ओघात आलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत पत्र आईच्या हाती लागलं. तिने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि पेन मागितला. यापुढचं तिचं आहे.

भावजी, सलाम. हा तुमच्याकडे काय मागतोय ते वाचलं. देऊ नका. तुमच्या भावाशेजारी जायचं माझ्या मनात आहे, हे खोटं नाही. पण तुम्ही हो म्हणालात की याचं काम झालं. हा पुन्हा खाली मान घालून कवळ्या घासत बसेल, आणि मेट्रन, कंडक्टरची बायको, बाकीच्या सगळ्या त्या चिखलात जातील. पक्षातलं मला काही कळत नाही. राहिला तर राहू दे, मोडला तर मोडू दे. पण याला कुठेतरी एकदा तोंड उघडायला लावलं पाहिजे, आणि ते आता माझ्याकडूनच होईल असं दिसतं. सोमवारी मी याच्याबरोबर रिक्षाने नगरपालिकेत जाणार आहे, आणि त्या साहेबासमोर पहिल्या खुर्चीत बसणार आहे. मला बघितल्यावर तो घाई आहे का म्हणून विचारणार नाही. कवळीसुद्धा लावून जाईन, म्हणजे मी काय बोलते ते त्याला नीट कळेल. तुमची जागा तुम्हालाच असू दे, भावजी. फक्त सावकाश या.